आपा, तुझं पूर्ण वाक्य

आपा, सुरुवात दवाखान्यातल्या त्या सकाळपासून करते. तुझ्याकडचे लोक ती गोष्ट अजूनही हसत सांगतात आणि मला मात्र अजून हसू येत नाही. लकवा मारून तुला काही दिवस झाले होते. उजवा हात, उजवा पाय गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बंद. मी शाळेत जाण्याआधी डबा घेऊन आले, तर तुझ्या खाटेभोवती ही गर्दी. तू बोलत होतीस. खडाखडा बोलत होतीस. "अ नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग." मग प्रोनाऊन, मग व्हर्ब, मग अ‍ॅडजेक्टिव्ह, आठही शब्दजाती ओळीनं, व्याख्यांसकट, एक अक्षर न चुकता. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा म्हणाला, "इंग्रजी येऊन राहिलंय म्हणल्यावर मराठीला काय लागतंय? अवघड ते आधी आलं." तुझा भाचा इम्रान रडत रडत हसत होता.

मी वाकून विचारलं, "आपा, पाणी पाहिजे का?" तू माझ्याकडे बघितलंस, ओठ जुळवलेस, खूप जोर लावलास, आणि तोंडातून परत आलं, "अ नाऊन इज द नेम ऑफ..." तुझे डोळे भरून आले. ते तुला म्हणायचंच नव्हतं. तुला पाणी हवं होतं. ज्या व्याख्या तू तपासणीला साहेब विचारतात म्हणून पोरींकडून घोकून घ्यायचीस आणि लगेच वर म्हणायचीस, "झालं? आता हे सगळं विसरा, कामाचं शिकू," नेमकं तेवढंच तुझ्याजवळ शिल्लक राहिलं होतं. मी वाटीनं तुझ्या तोंडात पाणी घातलं. बाहेर इम्रान सगळ्यांना फोन लावत होता की फुप्पी बोलायला लागल्या.

खरं तर तुझी-माझी ओळख भांडणातून झाली. विष्णुपुरीच्या वाटेवरच्या आपल्या त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला नवीन आले, तेव्हा तू मैदानात पोरींची ओळ करून उभी होतीस. प्रत्येक पोर म्हणजे एक शब्द. एक पोर 'सुनीता', एक 'कॉल्स', एक 'शबाना'. दोन टोकांच्या पोरींची अदलाबदल केलीस आणि विचारलंस, "आता हाक कोण मारून राहिलं?" मी पायरीवरून म्हणाले की आमच्या मराठीत एवढी कवायत लागत नाही. 'शबानाला सुनीता हाक मारते' म्हणा की 'सुनीता शबानाला हाक मारते' म्हणा, हाक मारणारी सुनीताच. नवीन मास्तरीण पहिल्याच दिवशी एवढं बोलते म्हणून पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. "तुमच्या शब्दांच्या गळ्यात ओळखपत्र हाय. माझ्या बिचाऱ्यांना जागेवरच उभं राहावं लागतं. लई माज हाय बाई तुमच्या मराठीला," म्हणालीस, आणि मधल्या सुट्टीत मला तुझ्या डब्यातली खिचडी आणि चिंचेचा खट्टा खायला बोलावलंस. बाकी सगळे तुला शाहीन मॅडम म्हणायचे. मी त्या दिवसापासून आपा म्हणायला लागले आणि कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तुझी शिकवायची रीत सगळ्या शाळेला पाठ होती. फळ्यावर वाक्य लिहायचं आणि आधी क्रियापद धरायचं. ते हाती लागलं की त्यालाच प्रश्न विचारायचे. कोण? काय? कोणाला? कुठं? कधी? एकेका उत्तराखाली रेघ ओढत जायचं. हा कर्ता, हे कर्म, हे नुसतं सोबत आलेलं. पोरी 'आय मँगो ईट' लिहायच्या, कारण घरी सगळे आंबाच आधी म्हणतात आणि खाणं शेवटी. तू कधी ओरडली नाहीस. "आंबा हातात धरून किती वेळ उभी राहशील गं? आधी खा," म्हणायचीस. एकदा एका पोरीनं विचारलं की मॅडम, शब्दांनापण जात असती का? मी दाराशी खडू मागायला आले होते. तू फळ्यावर 'वॉटर' दोनदा लिहिलंस, एकदा प्यायचं पाणी म्हणून, एकदा झाडांना पाणी घालणं म्हणून. "असती. पण शब्दाची जात त्याचं काम बघून लावतात, घर बघून न्हाई," म्हणालीस आणि पुढचं वाक्य घेतलंस. मी खडू न मागताच परत गेले. मराठीच्या तासाला मीही तेव्हापासून आधी क्रियापद विचारते. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला चढलं असतं.

आणखी एक नियम होता तुझा, आणि आपला कायमचा वाद त्याच्यावरच होता. पोर उभी राहून वाक्य जुळवत असली की मध्ये कुणी शब्द पुरवायचा नाही. तू इतरांकडे तळहात करून उभी राहायचीस. पोर अडखळायची, घामाघूम व्हायची, तास संपत यायचा, तरी तू थांबून. मी म्हणायचे, अगं, सांगून टाक ना. तू म्हणायचीस, "दुसऱ्यानं पुरं केलेलं वाक्य दुसऱ्याचंच असतं. आणि पोरीनं पूर्ण वाक्य म्हणलं की समोरच्याला ऐकावंच लागतं. अर्ध्यावर सोडलं की लोक आपलं आपलं जोडून घेतात." तुझा हा मोठा विश्वास होता, आपा. मला तो कधी पटला नाही.

दाखला म्हणून तू रेणुकाचं नाव काढायचीस. इस्लापूरकडची पोर, आपल्या वसतिगृहात राहायची. बाप तिला लग्नासाठी न्यायला आला. ऑफिसात बाप, मोठ्या बाई, तू आणि मी. रेणुका नुसतं "शाळा... शाळा" करत होती आणि बाप म्हणत होता, "हाव, शाळेला सांगूनच नेऊन राहिलो." तू हात वर केलास. सगळे थांबले. बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "मला बारावी करायचीय." बाप एकटाच परत गेला. तू दिवसभर गावच्या पाटलिणीसारखी मिरवत होतीस. मी म्हणाले, "आपा, त्यानं वाक्य नाही ऐकलं. त्यानं बघितलं की इथे दोन मास्तरणी आणि मोठ्या बाई उभ्या आहेत. आपण नसतो तर पोरीनं व्याकरणाचं अख्खं पुस्तक म्हटलं असतं तरी त्यानं तिला एसटीत बसवलं असतं." तू चिडलीस. आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. मग तू निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही, फिरून फिरून आपण तिथंच यायचो. तू म्हणायचीस वाक्य, मी म्हणायचे माणूस.

दवाखान्यातून तुला इतवाऱ्यातल्या घरी आणलं तोवर त्या व्याख्या थांबल्या होत्या आणि एकेक शब्द यायला लागला होता. मी रोज सकाळी शाळेआधी यायचे. शब्द सुटा यायचा, पण बरोबर यायचा. 'खिडकी.' 'पाणी.' 'सुमन.' माझं नाव तू पहिल्यांदा घेतलंस तेव्हा मी मोरीत जाऊन रडून आले. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की तुला फक्त नामं येतायत. वस्तू येते, माणूस येतं, गाव येतं. क्रियापद येत नाही. तू 'खिडकी' म्हणायचीस आणि उघडायची की लावायची ते मला ओळखावं लागायचं. चुकले की तू डोळे मिटून घ्यायचीस. डॉक्टर म्हणाले की डोक्याच्या त्या भागाला मार बसला की असं होतं, सरावानं सुधारतं, घाई करू नका. मी घाई केली नाही. तुझाच धडा तुला द्यायचं ठरवलं. मी उठायचे आणि विचारायचे, "मी काय केलं?" बसायचे, विचारायचे. दार उघडायचे, विचारायचे. तू माझ्याकडे असं बघायचीस की हिला वेड लागलंय. एका सकाळी मी चौथ्यांदा का पाचव्यांदा उठबस करत होते, तेव्हा तू म्हणालीस, "नको." तुझं पहिलं क्रियापद ते. आपण दोघी हसलो, तू अर्ध्या तोंडानं.

त्याच आठवड्यात इम्रान तुला लातूरला न्यायला आला.

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्याची आई गेल्यावर तू त्याला छातीशी धरून वाढवलंस, तो तुला एकटं कसं ठेवणार होता? त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान लातुरात, बायको-लेकरं लातुरात. मी म्हणाले की मी बघते, दिवसभरासाठी एक बाई ठेवू, सकाळ-संध्याकाळ मी आहेच. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही किती दिवस करणार? लोक काय म्हणतील मला?" तेही खरंच होतं. मग तो तुझ्या पायाशी बसला आणि प्रेमानं म्हणाला, "फुप्पी, चलता ना लातूरला?"

तू म्हणालीस, "नांदेड."

"हाव, नांदेडहूनच निघायचं. सकाळी गाडी येती."

"घर," तू म्हणालीस.

"घरीच चाललो फुप्पी. माझं घर तुमचंच हाय."

मी ओरडले. म्हणाले, थांबा जरा, तिला बोलू द्या. सगळे थांबले, इम्रान, त्याची बायको नसरीन, तुझी शेजारीण. तू तोंड उघडलंस. तुझ्या मानेची शीर ताठ झाली. मला वर्गातल्या पोरी दिसायला लागल्या आणि मी हात वर धरून उभी राहिले, जणू मी तू होते. "घर... घर... नांदेड..." एवढंच येत राहिलं, आणि मग रडू. नसरीननं पदरानं तुझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "फुप्पीला घर सोडायचं दुःख व्हायलंय." तिनं चांगल्या मनानं तुझं वाक्य पुरं केलं आणि ते बरोबरही होतं, फक्त अर्धंच होतं. सकाळी तू गेलीस. गाडीच्या काचेतून माझ्याकडे न बघता गेलीस. माझ्यावर रागावली होतीस का, हे आता कुणाला विचारू?

मग माझे रविवार लातूरचे झाले. सकाळची एसटी, लोहा, अहमदपूर, दुपारपर्यंत औसा रोडवरचं इम्रानचं घर. तिसऱ्या मजल्यावर तुझी खाट खिडकीला लावलेली होती आणि समोर शिकवणी वर्गांचे फलक, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे हसरे चेहरे. तिकडे बोट करून तू तोंड वाकडं करायचीस, म्हणजे होतं त्याहून वाकडं. नसरीन तुझं सगळं करायची. अंघोळ, जेवण, केस विंचरणं, मी तिला कधी कुरकुरताना बघितलं नाही. बोलायला शिकवायला एक मुलगी यायची, चित्रांचे पत्ते घेऊन. छत्री, सफरचंद, बस. तिचं तिच्या जागी बरोबर असेल, पण मला चीड यायची. छत्रीचं तू काय करणार होतीस? मी आले की पत्ते बाजूला. मी तुझ्यासमोर खायचे, प्यायचे, जायचे, यायचे, आणि विचारत राहायचे. 'ये' आलं. 'जा' आलं. 'बस' आलं, पण ते कधी मला म्हणालीस आणि कधी पत्त्यावरच्या बसला, कळलं नाही. एका रविवारी 'मी' आलं आणि पुढच्या खेपेला 'मला'. मी म्हणाले, "बघ आपा, शेवटी आमची विभक्तीच कामाला आली का नाही? तुझी इंग्रजी कुठाय?" तू हसलीस आणि डाव्या हातानं माझ्या गालावर चापट मारलीस. त्या महिन्यांत मला वाटायला लागलं होतं की तू म्हणत होतीस तेच खरं. हिचं एक पूर्ण वाक्य होऊ दे, मग बघते हिला कोण इथे ठेवतो. आयुष्यभर जो वाद मी घातला तो मी मनातल्या मनात हरले होते आणि त्यात मला आनंद होता.

तुला काय हवंय ते मला ठाऊक होतंच. मी इम्रानला फोनवर सांगितलं होतं. जिन्यात उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं की तिला नांदेडला जायचंय, महिनाभर तरी ने, मी रजा टाकते. "नेऊ की मॅडम, जरा सुधारू द्या," म्हणायचा. म्हणून मी तुझ्यामागे लागले होते. मला वाटायचं, माझ्या तोंडून तो ऐकत नाही, तुझ्या तोंडून ऐकेल.

तो रविवार आला. इम्रान दुकानावरून जेवायला वर आला होता, मी निघायच्या तयारीत होते. तू उशीवरून मान उचललीस आणि म्हणालीस, "मला नांदेडला जायचंय."

स्वच्छ. एकाही जागी न अडता. कोणाला, कुठं, काय करायचंय, सगळं त्यात होतं. इम्रानच्या हातातला घास ताटात पडला. तो उठून धावत आला, तुझे हात धरले, "माशाअल्लाह, फुप्पी, माशाअल्लाह" म्हणत रडायला लागला. मग त्यानं खिशातून फोन काढला. "परत म्हणा फुप्पी. एकदा परत."

तू परत म्हणालीस. "मला नांदेडला जायचंय."

"जरा जोरात. हैदराबादच्या पाहुण्यांना पाठवायचंय."

तू परत म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा तू फोनकडे बघत नव्हतीस, त्याच्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणाले, "इम्रान, ती बोलून दाखवत नाही. ती जायचं म्हणतेय. तिला घेऊन जा." तो म्हणाला, "हाव मॅडम, नेणार ना," आणि फोनवर बोट फिरवत राहिला. नसरीन लेकरांना हाका मारत होती की या, दादी बोलल्या. मी पुन्हा म्हणाले. तो हसत माझ्याकडे वळला, "मॅडम, ही सगळी तुमची मेहनत हाय." घरभर मुबारक मुबारक चाललं होतं. फोन टणटण वाजत होता. तू मान उशीवर टाकलीस आणि खिडकीकडे तोंड केलंस. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला तेव्हा तू 'जा' म्हणालीस. ते मला होतं की तुला स्वतःला, मला कळलं नाही. एसटीची वेळ झाली होती. मी गेले.

त्यानंतर तू बोलली नाहीस. नसरीन फोनवर सांगायची, "खाना खातात, पण बोलत न्हाईत, थकल्या असतील." दुसरा झटका आला तो बुधवारी दुपारी, आणि मला कळलं तोवर तुला घेऊन गाडी लोह्यापर्यंत आली होती. तुला नांदेडला आणलं त्यांनी, आपा. इतवाऱ्यातल्या घरी आणलं, तुझ्या अंगणात खाली ठेवलं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेणुका आली होती. ती आता नर्स आहे, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

जियारतीला, म्हणजे तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी गेले. मागच्या खोलीत बायका बसल्या होत्या. तुझा तो व्हिडिओ एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होता. "किती साफ बोलल्या बघा," कुणीतरी म्हणायचं आणि परत लावायचं. मला नांदेडला जायचंय. मला नांदेडला जायचंय. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि तुझा आवाज होता म्हणून उठवत नव्हतं. इम्रान कशाला तरी आत आला आणि दारात उभा राहिला. त्यानं तो व्हिडिओ स्वतः काढलेला, स्वतः सगळ्यांना पाठवलेला, किती वेळा बघितला असेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या तोंडावरून रंग उतरत गेलेला मी बघितला.

तो माझ्याजवळ येऊन खाली बसला. "मॅडम," तो म्हणाला, "फुप्पी खरंच जायचं म्हणून राहिल्या होत्या का?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. सराव होता रे, मीच शिकवलेलं वाक्य होतं, एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता, आणि तुझा तो लाडका आहे, त्याला सोडवायला तुला आवडलंही असतं. पण वाक्य तुझं होतं. मी "हो" म्हणाले.

तो भिंतीला टेकला. एवढा मोठा बाप्या सगळ्या बायकांसमोर हमसून रडला. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून त्यानं मला विचारलं, "मग तुम्ही मला तेव्हाच का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं मी, आपा. तुझ्यासमोरच सांगितलं होतं.